दोन विती लांबीचा काडीकिडा आजवर लपला कसा? ऑस्ट्रेलियातल्या नव्या जातीची ओळख पटली ती अंड्यावरून

पावसाळ्यात कुंपणाला अडकलेली वाळकी काडी काढायला हात घालावा आणि ती काडीच चार पावलं पुढं सरकावी! डोंगराकडच्या गावांतल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल. कुणी त्याला काडीकिडा म्हणतं, कुणी काटकीकिडा. कुणी नाव वगैरे काही घेत नाही, सरळ चप्पल काढतं.

आज ज्या काडीकिड्याबद्दल सांगायचं आहे तो मात्र चपलेच्या मापात बसणारा नाही. लांबी ४० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास दोन विती. वजन ४४ ग्रॅम. गावरान कोंबडीचं अंडं तळहातावर घेऊन बघा, साधारण तेवढा भार. तेवढ्या वजनाचा किडा हातावरून चालत गेला तर पावलं चांगलीच जाणवतील.

हा किडा आपल्याकडचा नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातला आहे. जेम्स कुक विद्यापीठाशी संबंधित असलेले अँगस एमॉट आणि त्यांचे सहकारी रॉस कूपलँड यांनी या जातीचं वर्णन केलं आणि जुलै २०२५ मध्ये ते जाहीर झालं. नाव ठेवलं ॲक्रोफायला अल्टा. ‘अल्टा’ हा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ उंच. उंच डोंगरावर राहतो म्हणून हे नाव. आजवर माहीत असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या किड्यांमध्ये हा सगळ्यात वजनदार असावा, असं या दोघांचं म्हणणं आहे. याआधी तो मान तिथल्या जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका दांडग्या झुरळाकडे होता.

आता प्रश्न असा पडतो की दोन विती लांब आणि अंड्याएवढा जड प्राणी २०२५ सालापर्यंत शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटला कसा? सूक्ष्म जंतू असता तर समजू शकलो असतो. याचं उत्तर थोडं त्याच्या राहण्याच्या जागेत आहे आणि बरंचसं त्याच्या शरीराच्या घडणीत. काडीकिड्याचं अंग म्हणजे डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ‘मी इथं नाहीच’ असं सांगण्यासाठी बनलेलं आहे. आणि गंमत म्हणजे, एवढं मोठं अंग लपवणाऱ्या या किड्याची ओळख शेवटी पटवली ती बियाएवढ्या अंड्यानं. त्याकडे येऊच, पण आधी जागा बघू.

झाडाच्या शेंड्यावरचं घर

क्वीन्सलँडच्या उत्तर भागात ॲथर्टन नावाचं पठार आहे. काही ठिकाणी त्याची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर जाते. वरती दाट, ओलं, सदाहरित जंगल. उन्हाळ्यात मुसळधार पाऊस, वर धुकं, आणि बाकी ऑस्ट्रेलियाच्या मानानं गारवा. आपल्याकडच्या महाबळेश्वरच्या किंवा आंबोलीच्या रानाची आठवण यावी असं हे रान. युनेस्कोनं तिकडच्या या ओल्या जंगलपट्ट्याला १९८८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या सह्याद्रीसह पश्चिम घाटाला ती २०१२ मध्ये मिळाली.

या पठारावर मिला मिला नावाचं छोटं गाव आणि माउंट हिपिपामी नावाचा डोंगर, या दोहोंच्या दरम्यानच्या जंगलात हा किडा मिळाला. सुरुवात झाली एका फोटोनं. तो फोटो कूपलँड यांच्याकडे पोहोचला आणि हे प्रकरण वेगळं आहे असं त्यांना लगेच वाटलं. मग दोघांनी त्या भागात शोधाशोध केली आणि एक मोठी मादी त्यांच्या हाती लागली.

एमॉट यांनी सांगितलेलं कारण साधं आहे. ही जात फार थोड्या भागात आहे आणि तिथंही ती झाडांच्या अगदी शेंड्याकडे राहते. एखादं वादळ आलं किंवा एखाद्या पक्ष्यानं खाली पाडलं तरच माणसाच्या नजरेला पडते. उंच झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर आपल्याला काय दिसतं? पानं, फांद्या आणि डोळ्यात येणारा उजेड. त्यात एक काडी जास्त आहे की कमी, कोण मोजणार!

अंगाची मापं

कुठल्याही किड्याचे तीन भाग असतात. डोकं, छाती आणि पोट. पाय सहाच, आणि ते सगळे छातीला जोडलेले. मुंगीत हे तीन भाग स्पष्ट दिसतात. काडीकिड्यात मात्र ते सगळं ताणून लांब केलेलं आहे आणि ताणलंय तेही एका विशिष्ट ठिकाणी.

छातीचेही तीन तुकडे असतात आणि प्रत्येकाला पायांची एक जोडी. काडीकिड्यात पहिला तुकडा आखूड असतो, पण मधला तुकडा जवळपास सगळ्या जातींत खूप लांब झालेला असतो. त्यामुळं पुढचे पाय डोक्याजवळ, मधले पाय बरेच मागं, आणि त्यामागं तिसरी जोडी. पायांमध्ये एवढं अंतर असल्यामुळं मधला भाग नुसत्या दांड्यासारखा दिसतो. पक्षी किडा शोधताना आकाराचा गठ्ठा शोधतो: डोकं, अंग आणि त्याभोवती पाय. इथं तसा गठ्ठाच नाही.

डोकं अंगाच्या मानानं लहान असतं. त्यावर दोन डोळे, दोन लांब मिशा आणि खाली पानं कुरतडणारे मजबूत जबडे. नांगी नसते, डंख नसतो. सगळे काडीकिडे शाकाहारी आहेत, मुख्यतः पानं खातात.

इथं एक गोंधळ दूर करायला हवा. प्रार्थना कीटक, ज्याला आपल्याकडे काही भागांत खंडोबाचा घोडा म्हणतात, तो वेगळा. त्याचे पुढचे पाय काटेरी असतात, हात जोडल्यासारखे दुमडलेले असतात आणि तो दुसरे किडे पकडून खातो. त्याचं डोकं त्रिकोणी असतं आणि मान वळवून तो तुमच्याकडे बघतो. काडीकिड्याचे पुढचे पाय सरळ आणि बारीक असतात आणि शिकार करणं त्याच्या बापजन्मात नाही.

पुढच्या पायांची एक करामत मात्र बघण्यासारखी आहे. काडीकिडा झोपल्यासारखा निपचित पडतो तेव्हा पुढचे दोन्ही पाय डोक्याच्या पुढं सरळ ताणतो. मग डोकं मधे येणार, ते अडचण करणार. त्यासाठी पुढच्या मांड्या मुळाशी आत वाकलेल्या असतात. दोन्ही पाय पुढं केले की त्या वाकणात डोकं बरोबर बसतं, मिशासुद्धा पायांच्या मधे लपतात. मग डोकं कुठं संपलं आणि पाय कुठं सुरू झाला ते कळत नाही. सुतारानं खाच मारून लाकूड बसवावं तसं ते काम आहे.

याच सवयीमुळं काडीकिड्यांची लांबी दोन प्रकारे मोजली जाते, एकदा नुसतं अंग आणि एकदा ताणलेल्या पायांसकट. बोर्निओ बेटावरची एक जात २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं अंग ३५.७ सेंटीमीटर आणि पायांसकट ५६.७ सेंटीमीटर. चीनमध्ये तर याहून मोठी जात आहे. गुआंग्शी प्रांतात सापडलेल्या मादीची लांबी पायांसकट ६० सेंटीमीटरच्या पुढं भरली आणि जगातला सगळ्यात लांब किडा म्हणून तिची नोंद आहे. म्हणजे ॲक्रोफायला अल्टा लांबीत पहिला नाही. त्याचं वैशिष्ट्य त्याच्या वजनात आहे. लांब काडीकिडे बहुतेक दोरीसारखे बारीक असतात, ही मादी मात्र भरलेल्या अंगाची आहे. जगभराचा हिशेब केला तर न्यूझीलंडच्या वेटा नावाच्या टोळासारख्या किड्याची एक मादी ७१ ग्रॅम भरली होती, तिच्यापुढं हीसुद्धा हलकीच.

पाय, पंख आणि श्वास

पाय दिसायला काड्या, पण त्यांचं टोक नीट बघावं. पावलाचे पाच छोटे तुकडे असतात, शेवटी दोन आकडे म्हणजे नखं आणि नखांच्या मधे एक मऊ गादी. ही गादी गुळगुळीत पानाला चिकटते. मागच्या तुकड्यांखाली आणखी छोट्या गाद्या असतात, त्या टाचेसारखं काम करतात. काही जातींवर झालेल्या अभ्यासातून एक मजेशीर गोष्ट कळली आहे. पुढची गादी ओढ बसली की चिकटते आणि टाचेच्या गाद्या दाब आला की घर्षणानं घट्ट होतात. उलटं लटकताना पुढची उपयोगी, सरळ उभं राहताना मागची. अंड्याएवढं वजन घेऊन पावसानं ओल्या झालेल्या पानावर, जमिनीपासून एवढ्या उंचीवर राहायचं म्हणजे पकड तशीच हवी.

पाय सुटण्याचीही सोय असते. पक्ष्यानं पाय पकडला तर काडीकिडा तो पाय मांडीच्या मुळाशी असलेल्या ठरलेल्या जागी तोडून टाकतो आणि निसटतो. पालीच्या शेपटीसारखंच. वाढीच्या वयातला किडा असेल तर पुढच्या प्रत्येक कातीबरोबर नवा पाय थोडाथोडा वाढतो. पूर्ण वाढ झालेल्याला मात्र ही सवलत नाही, कारण तो पुन्हा कात टाकत नाही.

ॲक्रोफायला अल्टाच्या मादीला पंखही आहेत. काडीला पंख कशाला, असं वाटेल. पण पंखांची घडी बघितली की लक्षात येतं. काडीकिड्यांचे पुढचे पंख बहुधा आखूड आणि चामड्यासारखे असतात. उडण्याचे खरे पंख मागचे. त्यांची एक कडा जाड आणि रंगानं अंगासारखी, बाकीचा भाग पातळ पडद्यासारखा. हातपंखा मिटावा तसा तो पडदा मिटतो आणि वर फक्त जाड कडा दिसते. बंद असताना पंख आहे असा संशयही येत नाही. पण एवढं जड अंग घेऊन या मादीला फारसं उडता येत नाही. शेंड्यावरून खाली येताना आधार मिळण्यापुरताच त्यांचा उपयोग धरावा.

अंग एवढं बारीक म्हटल्यावर आत अवयव बसतात कसे? ताणून. अन्ननलिका तोंडापासून शेपटाकडे जवळजवळ सरळ नळीसारखी जाते. किड्यांना फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, त्यातून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट अवयवांपर्यंत पोहोचते. ठिबकची मुख्य लाइन आणि तिच्या फुटलेल्या बारीक नळ्या डोळ्यांसमोर आणा. रक्त असतं, पण ते लाल नसतं, कारण प्राणवायू वाहून न्यायचं काम त्याच्याकडे नाहीच.

किडे म्हशीएवढे का होत नाहीत, याचं एक कारण याच नळ्यांमध्ये आहे. अंग वाढलं की नळ्या लांबतात आणि आतपर्यंत हवा पोहोचणं जड जातं. दुसरं कारण म्हणजे किड्याचा सांगाडा बाहेरून असतो. मोठं व्हायचं तर जुनं कवच टाकून काही वेळ मऊ अंगानं लटकावं लागतं. जितकं वजन जास्त तितका त्या वेळी धोका जास्त. काडीकिडा कात टाकताना फांदीला उलटा लटकतो आणि आपल्याच कातेतून खाली सरकत बाहेर येतो. मग बहुतेक वेळा ती कातही खाऊन टाकतो. पुरावा शिल्लक नको आणि अन्नही वाया जायला नको.

मग ही जात एवढी जड कशी झाली? एमॉट यांचा अंदाज आहे की उंचावरचं थंड आणि ओलं हवामान हे कारण असावं. अंगात वजन असेल तर गारठ्यात टिकाव लागतो. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे ध्यानात ठेवावं.

हलायचं कसं तेही ठरलेलं

नुसता आकार काडीचा असून भागत नाही, वागणंही काडीचं लागतं. काडीकिडे बहुतेक करून रात्री खातात आणि दिवसा गप्प राहतात. वारा आला की आजूबाजूच्या फांद्या हलतात, तेव्हा हाही अंग डावीउजवीकडे झुलवतो. सगळं रान डोलत असताना एकटाच स्थिर राहिला तर उठून दिसेल ना! हात लावला तर कित्येक जाती पाय अंगाशी आवळून मेल्यासारख्या खाली पडतात. पालापाचोळ्यात पडलेली काडी मग शोधून दाखवा.

तरीही सापडलाच तर शेवटचं हत्यार असतं. छातीच्या पहिल्या तुकड्यात, डोक्याच्या मागं, दोन ग्रंथी असतात. काही जाती त्यातून वासाचा द्रव फवारतात. क्वीन्सलँडच्याच किनाऱ्याकडं केवड्याच्या जातीच्या झाडांवर राहणारा एक हिरवा काडीकिडा आहे, त्याच्या फवाऱ्याला चक्क पेपरमिंटच्या गोळीसारखा वास येतो. अमेरिकेतल्या एका जातीचा फवारा डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते. म्हणून कुठलाही काडीकिडा चावणारा, डसणारा नसला तरी त्याला तोंडाजवळ धरून बघायचा उद्योग करू नये, आणि हात लावल्यावर डोळे चोळू नयेत. एवढी काळजी पुरे.

बी की अंडं?

आता येऊ त्या अंड्याकडे, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली होती.

काडीकिड्याची मादी अंडी पानाला चिकटवते, मातीत पुरते, किंवा नुसती वरून खाली टाकते. पोटाच्या शेवटी खालच्या बाजूला एक पन्हाळीसारखा भाग असतो. अंडं त्यात येऊन थांबतं आणि काही जातींत मादी शेपटाला झटका देऊन ते दूर उडवते. झाडाखाली पावसाच्या थेंबासारखा टपटप आवाज येतो. खाली पडलेलं अंडं बघून कुणी अंडं म्हणणार नाही. कडक कवच, तपकिरी किंवा राखाडी रंग, वर नक्षी. हुबेहूब बी.

या अंड्याला एका टोकाला गोल झाकण असतं. पिल्लू तयार झालं की ते आतून झाकण ढकलतं आणि बाहेर पडतं. डब्याचं झाकण उघडावं तसं. अनेक जातींत या झाकणावर आणखी एक मऊ गाठ असते. एरंडीची बी आठवा. तिच्या टोकाला पांढरट गाठ असते, मुंग्यांना ती आवडते म्हणून त्या बी ओढून नेतात. काडीकिड्याच्या अंड्यावरची गाठही तेच काम करते. मुंग्या अंडं वारुळात नेतात, गाठ खातात आणि अंडं तसंच ठेवतात. वारुळात ते उन्हापासून, आगीपासून आणि अंड्यात अंडं घालणाऱ्या गांधीलमाशांपासून सुरक्षित राहतं. ऑस्ट्रेलियातल्या काटेरी काडीकिड्याचं पिल्लू तर बाहेर येतं तेव्हा मुंगीसारखंच दिसतं. काळं अंग, लालसर डोकं आणि मुंगीसारखी धावपळ. झाडावर पोहोचेपर्यंत हे सोंग चालतं.

जपानमध्ये कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग मांडला होता. त्यांनी काडीकिड्याची अंडी बुलबुलला खायला दिली. विष्ठेतून काही अंडी धड बाहेर आली आणि त्यातल्या काहींतून पिल्लंही निघाली. वड-पिंपळाच्या बिया पक्षी भिंतीवर टाकतात, तसाच प्रकार. सोंग बियाचं घेतलं तर नशीबही बियाचं वाट्याला आलं म्हणायचं.

पण शास्त्रज्ञांना या अंड्याची किंमत वेगळ्याच कारणानं असते. दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर कधीकधी फरक सांगणं अवघड जातं. दोघीही तपकिरी, दोघीही लांब, काडीसारख्या. रंग तर एकाच जातीत हिरव्यापासून राखाडीपर्यंत बदलू शकतो. अंड्यात मात्र असा घोळ नसतो. कवचावरचे खड्डे, खरखरीतपणा, आकार, झाकणाची घडण, हे सगळं प्रत्येक जातीचं आपापलं असतं. आपल्याकडं अनुभवी माणूस ज्वारीचं वाण दाणा बघून सांगतो, तसं.

म्हणून एमॉट आणि कूपलँड यांनी मादी सापडल्यावर तिला काही काळ पिंजऱ्यात ठेवलं आणि अंडी घालू दिली. त्या अंड्यांची त्याच गटातल्या माहीत असलेल्या जातींच्या अंड्यांशी तुलना केली. ती जुळली नाहीत. तिथं नवी जात असल्याचं पक्कं झालं.

नवीन जात म्हणजे काय हेही थोडक्यात सांगतो, कारण बातम्यांत ‘शोध लागला’ एवढंच येतं. एखादा किडा गावातल्या माणसानं रोज पाहिलेला असू शकतो. शास्त्राच्या वहीत तो ‘नवा’ तेव्हा होतो, जेव्हा कुणीतरी त्याचा नमुना जपून ठेवतं, डोक्यापासून शेपटापर्यंत मापं घेतं, जवळच्या जातींपेक्षा तो कुठं वेगळा आहे ते लिहितं, नाव देतं आणि ते शास्त्रीय नियतकालिकात छापून येतं. या जातीचं वर्णन ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात आलं. नमुने क्वीन्सलँडच्या संग्रहालयात ठेवले आहेत. उद्या कुणी म्हणालं की आमच्याकडं सापडला तो हाच, तर त्याला त्या नमुन्याशी ताडून बघावं लागेल.

मारायचा की सोडायचा?

काडीकिड्यांच्या जगभरात सुमारे साडेतीन हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या काही आपल्या सह्याद्रीतही आहेत. दिसला तर काय करावं, असं विचारणारे दोन गट असतात. एक घाबरणारा, दुसरा पिकाची चिंता असणारा.

पहिल्या गटाला सांगायचं ते वर आलंच आहे, हा डसत नाही. दुसऱ्या गटाची शंका अगदीच चुकीची नाही. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात एक काडीकिडा कधीकधी एवढा वाढतो की निलगिरीच्या जंगलांतली झाडं बोडकी करून टाकतो. पण तुमच्या कुंपणावर किंवा पेरूच्या झाडावर एखाददुसरा दिसला म्हणून फवारणीचा पंप काढायची गरज नाही. एक किडा पानं खाऊन खाऊन किती खाणार? त्याला उचलून बांधावरच्या झाडावर सोडलं तरी पुरे.

त्याऐवजी फोटो काढा. आणि काढायचाच तर कामाला येईल असा काढा. बहुतेक फोटो वरून एकच काढलेला असतो, तोही हलवलेला. त्यावरून जात कळत नाही. एक फोटो पूर्ण अंगाचा, बाजूनं. एक डोक्याचा आणि मिशांचा जवळून, कारण मिशा किती लांब आहेत यावरून बरंच कळतं. एक पायांचा, त्यावर काटे किंवा पाळ्या आहेत का ते दिसेल असा. एक शेपटाच्या टोकाचा. शेजारी आगपेटी किंवा दहाचं नाणं ठेवलं तर मापाचा अंदाज येतो. कुठल्या झाडावर होता ते लिहून ठेवा, तारीख आणि गाव लिहा. आयनॅचरलिस्ट नावाचं मोफत ॲप आहे, त्यावर फोटो टाकला तर जाणकार मंडळी बघतात आणि ओळख सुचवतात. खाली बीसारखं अंडं पडलेलं दिसलं तर त्याचाही फोटो घ्या. का, ते आता सांगायला नको.

नर कुठं आहे?

ॲक्रोफायला अल्टाची अर्धी गोष्ट अजून बाकी आहे. संग्रहालयात ठेवलेले दोन्ही नमुने मादीचे आहेत. नर शोधणं हे पुढचं काम आहे आणि ते सोपं नाही, असं एमॉट यांनीच सांगितलं आहे.

अडचण अशी की काडीकिड्यात नर आणि मादी दिसायला फार वेगळे असतात. मादी मोठी, जड, पोटात अंड्यांची भरती. नर बारीक, हलका, लांब मिशांचा आणि बहुधा चांगला उडणारा, कारण मादी शोधत फिरायचं काम त्याचं. फरक इतका असतो की पूर्वी काही जातींत नराला एक नाव आणि मादीला दुसरंच नाव दिलं गेलं होतं, दोघं नवरा-बायको आहेत हे नंतर कळलं. त्यामुळं या जातीचा नर शेंड्यावरून खाली पडला आणि कुणी तो पाहिला, तरी याचाच असेल अशी शंकाही येणार नाही.

नर हाच, असं खात्रीनं म्हणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तो मादीच्या पाठीवर बसलेला सापडणं. त्यासाठी ॲथर्टनच्या त्या ओल्या रानात, रात्री, बॅटरीच्या उजेडात, झाडाच्या शेंड्याकडं बघत फिरावं लागणार आहे.